दोषवहीचा पाचवा रकाना

"आई, उडी मार! अगं, मार ना उडी!"

संगणकाशेजारच्या स्पीकरमधून लेकीचा आवाज फुटला आणि टायपिस्टबाईंची बोटे कळफलकावर गारांसारखी बरसली. पडद्यावर मात्र काहीच हलले नाही. मोडक्या पुलाच्या टोकाशी, हातात पेटता कंदील धरून, त्यांचे ठेंगणे पात्र एक पाय उचलून तसेच थिजले. मग ते दोन पावले मागे फेकले गेले, मग एकदम चार पावले पुढे. आणि चित्र पुन्हा वाहते झाले तेव्हा कंदील दरीत पडून विझलेला होता.

"गेला," बाई म्हणाल्या.

"परत लॅग?"

"परत."

मग या संघाची कॅप्टन बोलली. ती दुसऱ्या एका शहरात दातांची डॉक्टर होती आणि दुखऱ्या दाताला हात लावण्यापूर्वी जसे बोलत असेल, तसेच आताही बोलत होती.

"काकू, राग मानू नका हं. रविवारी चार वाजता अंतिम फेरी आहे. शनिवारच्या सरावात असंच झालं, तर कंदील माझ्या चुलत बहिणीकडे द्यावा लागेल. तिला तुमच्यासारखा हात नाही, पण तिचं नेट तरी धड चालतं."

"बरोबर आहे गं तुझं," बाई म्हणाल्या. "चौघींचा खेळ आहे. माझ्या एकटीपायी कशाला बुडवायचा?"

दाराच्या फटीशी उभ्या असलेल्या त्यांच्या यजमानांनी हे ऐकले, हातातला फोन हलकेच खिशात सरकवला, आणि ते चोरपावलांनी मागे फिरले.

या गृहस्थांना निवृत्त होऊन नऊ वर्षे लोटली होती, तरी गल्लीत त्यांना लाइनमन याच नावाने ओळखत. टेलिफोनच्या तारांवर त्यांनी सारे आयुष्य वेचले होते. खांबावर चढून, गटाराशेजारच्या भुयारी खड्ड्यात उतरून, कानाला चाचणीचा फोन लावून ते तारेतला दोष हुडकीत. त्यांची रीत साधी होती. लाइन मधोमध तोडायची आणि दोष अलीकडे की पलीकडे ते पाहायचे. मग सदोष अर्ध्याचे पुन्हा अर्धे. जिथे हे असते तिथे ते असते, आणि जिथे हे नसते तिथे तेही नसते, अशी अन्वय-व्यतिरेकाची जोडी जुळल्यावाचून शास्त्रकार कारण मानीत नाहीत. लाइनमननी शास्त्राचे पान कधी उलटले नव्हते. पण त्या जोडीवाचून त्यांनीही कधी शिडी खाली उतरवली नव्हती.

टायपिस्टबाईंची नोकरी न्यायालयातली. एकतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांची वाक्ये टंकलिहिली. कुणाची जमीन, कुणाचा काडीमोड, कुणाची निर्दोष सुटका, सारे त्यांच्या बोटांतून गेले. प्रत्येक कागदाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, टंकलेखकाची म्हणून दोन इवली अक्षरे असत. तेवढाच त्यांचा त्यात भाग. निवृत्तीनंतर बोटांना काम उरले नाही, आणि ती जेवणाच्या टेबलावर, खिडकीच्या कठड्यावर, झोपेत पांघरुणावरही टकटक चालत राहिली. सुट्टीत आलेल्या लेकीने ते पाहिले आणि हसत हसत आईला खेळायला बसवले. चौघींनी मिळून एक पेटता कंदील डोंगरमाथ्यावरून पायथ्याच्या गावात न्यायचा, आणि समोरच्या संघाने तो वाटेत विझवायचा, असा तो खेळ. महिनाभरात बाई लेकीला भारी पडू लागल्या. वर्षभरात कंदील कायमचा त्यांच्या हाती आला. खेळातले नाव त्यांनी स्वतःच निवडले होते: कार्बन.

खेळताना आपल्याकडे कोणी पाहिलेले त्यांना खपत नसे. "पाठीमागे साहेब उभे राहिल्यासारखं वाटतं, बोटं चुकतात," असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. लाइनमननीही मान डोलावली होती. पण बाईंना रंग चढला, की त्यांची मान किंचित डावीकडे कलते आणि अंबाड्याची गाठ डुलू लागते, हे त्यांनी एकदा फटीतून पाहिले आणि त्यांचा पाय तिथून निघेना. तेव्हापासून अशी घटिका आली, की ते दाराआडून फोनवर तिची छोटीशी फिल्म घेत. अर्धे मिनिट, फार तर पाऊण. फोन लेकीने दिलेला. "बाबा, यात टिपलेलं काही कधी हरवणार नाही," असे सांगून तिने त्यात काय काय करून ठेवले होते. आपण टिपतो हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने स्वतःच्या बायकोकडे दाराआडून पाहावे, ही काही सांगण्याजोगी गोष्ट नव्हे.

त्या मंगळवारी बाई बाहेर आल्या तेव्हा लाइनमन कपाटातून एक जाड वही काढून तिच्यावर पट्टीने रेघा ओढीत बसले होते.

"हे काय आता?"

"फॉल्ट रजिस्टर. तारीख-वेळ, किती वेळ अडकलं, घरात काय चालू होतं, काय करून पाहिलं. चार रकाने. याआधी किती वेळा झालं? आठव."

"सात. आजचं आठवं." बाईंना ते मिनिटासह पाठ होते. "अहो, पण तुमच्या तारा वेगळ्या होत्या. हे निराळं आहे सगळं."

"एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला ती पोरगी. मध्ये वाट. वाटेत कुठेतरी खोट. निराळं काय आहे त्यात?"

बुधवारी त्यांनी हवेतला, म्हणजे वायफायचा, भाग आधी तोडला. घरातल्या बोळातल्या राउटरपासून संगणकापर्यंत सरळ वायर ओढली, आणि भिंतीला बरोबर एकेका वितीवर क्लिपा ठोकल्या. बाई साडेचारपर्यंत झकास खेळल्या. मग नदी ओलांडताना कंदील पुन्हा थिजला. नोंद नववी.

गुरुवारी कंपनीचा माणूस आला. पोट सुटलेला, मनमोकळा गृहस्थ. भिंतीवरची वायर पाहून तो थबकलाच.

"काका, आम्हाला काही करायला ठेवलंच नाही तुम्ही! क्लिपा मोजून मारल्यात की काय?"

"मोजूनच मारायच्या असतात."

"आता कोण मोजतंय!" त्याने आपले यंत्र लावले, आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. "लाइन चोख आहे. एकदम टकाटक. घरात आणखी कोणी वापरतं का?"

"कोण वापरणार? आम्ही दोघंच."

"तुमचा फोन?"

"तो काय, खिशात पडलेला असतो. उचलतोय कोण?"

माणूस आणखी काही विचारणार, तोच त्याचा स्वतःचा फोन वाजला. कुठे तरी खांब आडवा झाला होता. "येतो काका," म्हणत तो जिना उतरला. त्या दुपारी पायथ्याचे गाव पन्नास पावलांवर असताना खेळ थिजला. नोंद दहावी.

शुक्रवारी लाइनमननी घरातले सारे बंद केले. फ्रिज, पंखे, पाण्याचा पंप, दूरदर्शन, कोपऱ्यातला घड्याळवजा रेडिओ. घर असे निःशब्द झाले की शेजारची बाई डोकावून "सगळं ठीक आहे ना?" म्हणून विचारून गेली. बंद न केलेल्या वस्तू दोनच उरल्या: बाईंचा संगणक आणि बोळातला राउटर. निदान लाइनमनच्या हिशेबी तरी दोनच. ते डाव्या हातात घड्याळ आणि उजव्या हातात फोन घेऊन दाराआड उभे राहिले. बाईंनी तीन प्रतिस्पर्ध्यांना हुलकावणी दिली, मान डावीकडे कलली, अंबाडा डुलू लागला. लाइनमननी अर्धे मिनिट टिपले आणि फोन खिशात टाकला. घड्याळाचा काटा दहा घरे सरकतो न सरकतो, तोच आतून आवाज आला, "अडकलं!"

नोंद अकरावी. लाइनमन वहीपुढे हात टेकून बसले.

संध्याकाळी बाई समोर येऊन बसल्या. त्यांनी वही आपल्याकडे ओढली आणि न्यायालयातला मसुदा तपासावा तशी, ओळीवर बोट ठेवून वाचली.

"एक रकाना राहिलाय तुमचा," त्या म्हणाल्या.

"कोणता?"

"मी काय करत होते, तो."

लाइनमननी पट्टी घेऊन पाचवी रेघ ओढली. बाई सांगत गेल्या, ते लिहीत गेले. पुलावर सगळ्यांच्या पुढे होते. नदीत दोघांना चुकवलं होतं. गाव दिसायला लागलं होतं. अकराच्या अकरा वेळा बाई जिंकत होत्या. हरताना एकदाही खेळ अडकला नव्हता.

"बघितलंत?" बाई हसल्या, पण ते हसू ओठांवरच राहिले. त्यांनी उजवा हात टेबलावर पसरला. "तार ठीक. पेटी ठीक. कंपनीचा माणूस म्हणतो सगळं ठीक. मग उरलं कोण? जिंकायची वेळ आली, की मीच गडबडते. हात थांबतो, आणि मला वाटतं यंत्र थांबलं. वय झालं हो."

"यंत्र थांबलं ते पोरींनाही दिसतं की."

"त्यांना माझं पात्र थांबलेलं दिसतं. ते यंत्रानं थांबलं का माझ्यामुळे, हे त्यांना काय कळणार?" त्यांनी बोटे मिटली. "उद्या मीच सांगते कॅप्टनला, की दे बहिणीला. काढून टाकण्यापेक्षा आपण उठलेलं बरं."

लाइनमननी तो मिटलेला हात पाहिला. याच हाताने एकतीस वर्षांत एकाही शब्दाची खाडाखोड केलेला कागद साहेबांपुढे ठेवला नव्हता.

"उद्याचा सराव होऊ दे," ते म्हणाले. "मग सांग. माझ्या लाइनवरचा फॉल्ट मी न शोधता दुसऱ्याच्या माथी मारलेला नाही कधी. तुझ्याही मारू देणार नाही."

शनिवारी चार वाजता त्यांनी बोळात बुटके स्टूल मांडले, वही गुडघ्यावर घेतली आणि राउटरच्या दिव्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा बसवला. दाराआड ते आज गेलेच नाहीत. आतून लेकीचे चीत्कार ऐकू येत होते, बाईंच्या बोटांचा पाऊस ऐकू येत होता. पूल गेला. नदी गेली. "काकू, कमाल!" कॅप्टन ओरडली. कंदील पायथ्याच्या गावात पोचला. दुसरा डाव सुरू झाला, तोही बाईंनी जिंकला. तिसराही रंगात आला. राउटरचा मधला दिवा तृप्त माणसाने पापण्या मिटाव्यात तसा संथपणे लुकलुकत होता.

लाइनमनना हर्ष झाला, पण त्या हर्षाला धार नव्हती. न सापडलेला दोष गेला, म्हणजे तो उद्या येणार; आणि उद्या रविवार होता. तरीही, हे शांत दिवे बाईंना दाखवावेत, म्हणजे त्यांच्या जीवात जीव येईल, असे वाटून त्यांनी खिशातून फोन काढला. दिव्यांची अर्धे मिनिट फिल्म घेतली आणि फोन खिशात ठेवला.

मधला दिवा वेड लागल्यासारखा फडफडू लागला.

"अडकलं!" आतून बाईंचा आवाज आला. "अगं बाई, परत अडकलं!"

लाइनमन दिव्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हळूच हात खिशावर ठेवला. फोन ऊबदार लागत होता. त्यांच्या काळी फोन हुकावर ठेवला, की तो मेल्यासारखा पडून राही. तारेतला कणभरही प्रवाह घेत नसे. उचलला तरच जिवंत. म्हणून दोन दिवस घरातल्या एकूण एक वस्तूची झडती घेताना त्यांनी आपला खिसा तेवढा झडतीतून वगळला होता. खिशातला फोन म्हणजे हुकावरचा फोन, ही त्यांची चाळीस वर्षांची श्रद्धा. आणि तो तर खिशात बसून धावत होता.

त्यांनी फोन पूर्ण बंद केला. दिवा शांत झाला. "सुटलं!" आतून बाई म्हणाल्या. त्यांनी फोन पुन्हा सुरू केला. तो जागा होऊन उरलेले काम हाती घेईपर्यंत मिनिटभर गेले, आणि दिवा पुन्हा फडफडला.

"अहो, गेलं हो परत! दोनदा झालं! कॅप्टन, आता तूच काय ते…"

"थांब!" लाइनमन खोलीत शिरले. वर्षभरात प्रथमच ते खेळ चालू असताना आत आले होते. फोन त्यांनी दोन्ही हातांत असा धरला होता, जणू चोर स्वतःच चोरीचा माल घेऊन ठाण्यावर आला आहे. "सापडला. फॉल्ट सापडला."

"कुठाय?" बाई आणि स्पीकर एकदमच म्हणाले.

"मी आहे."

मग ते उभ्या उभ्या सारे सांगत गेले. बाईंनी फोन हातात घेतला आणि बोटाने चित्रे सरकवू लागल्या. एक, दोन, सात, अकरा.

"हे काय? सगळीकडे माझा अंबाडाच! अहो, हे काय लपूनछपून? मी बजावलं होतं ना तुम्हाला?"

"होतं."

"आणि तरी?"

"तू रंगात आलीस की…" लाइनमन भिंतीवरच्या क्लिपांकडे पाहू लागले. "तेव्हाच घ्यायचो. हरताना नाही घेतलं कधी."

स्पीकरमध्ये लेकीने हसू दाबण्याचा प्रयत्न केला आणि तो साफ फसला. "बाबा! अहो, ते मीच करून दिलंय. टिपलेलं सगळं आपोआप वर पाठवून देतो तो, हरवू नये म्हणून. आणि केवढ्या मोठ्या फिल्मा! पाठवताना सगळा रस्ता अडवून बसतो, आईला जायला जागाच उरत नाही. म्हणजे आई जिंकायला लागली, की तुम्ही…"

"काका," कॅप्टन म्हणाली, "खरं सांगा, समोरच्या संघानं काय कबूल केलंय तुम्हाला?"

यावर चौथी खेळाडूही हसली. ती एरवी बोलतच नसे, ती या संघात आहे हेही लाइनमनना त्या दिवशी कळले.

बाई मात्र हसत नव्हत्या. त्या आपला उजवा हात उलटसुलट करून पाहत होत्या.

"म्हणजे मी थांबत नव्हते," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"एकदाही नाही," लाइनमन म्हणाले.

"कॅप्टन, तुझ्या बहिणीला सांग, उद्या आराम कर म्हणावं."

"ती तर केव्हाच सुटकेचा निःश्वास टाकून बसलीय, काकू. तुमच्या जागी खेळायचं म्हणून आठवडाभर तिची झोप उडाली होती."

फोनमधले ते पाठवणे बंद करण्याचे बटण लेकीने लगेच सांगितले, आणि लाइनमननी ते दाबलेही. पण रविवारी साडेतीनला त्यांनी फोन पूर्ण बंद केला, हत्यारांच्या पिशवीत पकड आणि टेस्टरच्या खाली ठेवला, आणि पिशवीची वादी बांधली. मग नेहमीप्रमाणे बोळाकडे निघाले.

"कुठं चाललात?" बाई म्हणाल्या.

"स्टुलावर. दिव्यांशी."

"इथं बसा. समोर. पाठीमागे नको." त्यांनी संगणकापलीकडची खुर्ची दाखवली. "तुमचा पहारा नको आज. नुसते बसा."

म्हणून लाइनमनना त्या दिवशीचा खेळ दिसलाच नाही. पडद्याची पाठ त्यांच्याकडे होती. त्यांना दिसत होता तो बाईंचा चेहरा. इतके दिवस त्यांनी एक अंबाडा तेवढा टिपला होता. त्याच्या पुढच्या बाजूला काय चालते, ते त्यांना ठाऊकच नव्हते. डोंगरमाथ्यावर तो चेहरा मुलीचा होता, खोडकर, जीभ दातांत धरलेला. उतारावर तो न्यायालयातल्या बाईंचा झाला, कोरा, एकाग्र, एकही अक्षर गळू न देणारा. कंदिलाचा पिवळा उजेड त्यांच्या चष्म्यात हलत होता आणि लाइनमन त्या दोन ठिपक्यांवरूनच पुढचे सारे वाचीत होते.

"आई, पूल!"

बोटांचा पाऊस एकाएकी थांबला. लाइनमनचा हात आपसूक रिकाम्या खिशाकडे गेला. पण ठिपके हलत होते. बाई थांबल्या होत्या त्या पुलावरचा वारा पडण्याची वाट पाहत, स्वतःच्या मर्जीने. त्यांनी एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि अंगठ्याने एकच कळ दाबली.

चष्म्यातले दोन्ही ठिपके उंच उडाले, आणि पेटतेच खाली आले.

पुढे कंदील पायथ्याच्या गावात पोचला तेव्हा स्पीकरमध्ये जो गलका झाला त्यात एकही शब्द धड ऐकू आला नाही. कॅप्टन ओरडत होती, लेक रडत होती की हसत होती ते कळत नव्हते, आणि न बोलणारी चौथी तर शिट्ट्या मारीत होती. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"अहो, हे तेवढं घ्यायला हवं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या. "सगळ्यात चांगलं हेच खेळले मी."

"पाहिलं मी."

"तुम्हाला पडदा कुठं दिसत होता?"

"पाहिलं," लाइनमन पुन्हा म्हणाले.

त्यांनी वही उघडली. बाराव्या ओळीत कालची नोंद होती. तिच्या पुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: दोष, लाइनमनचा फोन. कारण, लाइनमन. मग तेराव्या ओळीत आजची तारीख आणि वेळ लिहिली. 'किती वेळ अडकले' याखाली एक आडवी रेघ ओढली. पाचव्या रकान्यात लिहिले: कंदील खाली आणला. विझला नाही.

तळाशी दोष निवारल्याची सही करून त्यांनी लेखणी बाईंपुढे धरली. "ज्याची लाइन, त्याचीही सही लागते. तशी पद्धत आहे."

बाईंचा हात सवयीने पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्याकडे गेला, जिथे दोन इवली अक्षरे बसतात. तिथे तो घटकाभर थांबला. मग वर आला, आणि पानाच्या मधोमध, मोठ्या, सुट्या, गोलाकार अक्षरांत त्यांनी आपले संपूर्ण नाव लिहिले.

शाई वाळेपर्यंत लाइनमननी वही मिटली नाही.